फोटो कागदावर कसा छापला जाऊ लागला? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

फोटोची प्रिंट आणि छापलेला फोटो, हे एकच ना?

नाही, आणि आपल्या बोलण्यात हा फरक आधीपासून आहे. स्टुडिओत दिलेला रोल आपण 'धुवून' आणायचो, वर्तमानपत्र मात्र 'छापून' येतं. धुतलेल्या फोटोत चांदीच्या क्षारांवर प्रकाश पडून कागदच काळा होतो, तिथे शाईचा संबंध नसतो. छापलेल्या फोटोत शाई असते, दाब असतो, यंत्र असतं, आणि एका साच्यावरून हजारो प्रती निघतात. खालची सगळी उत्तरं या दुसऱ्या प्रकाराबद्दल आहेत. मध्ये मध्ये पहिला डोकावेल, कारण एकाची गोष्ट दुसऱ्याशिवाय पुरी होत नाही.

त्यात एवढं अवघड काय होतं? कॅमेरा सापडल्यावर छपाई आपोआप जमायला हवी होती.

अवघड होता तो करडा रंग. छापखान्याच्या शाईला दोनच गोष्टी कळतात: लागणं आणि न लागणं. खिळ्याचा, म्हणजे अक्षराच्या धातूच्या ठशाचा, उंचवटा कागदाला टेकला तर काळं, नाही टेकला तर कोरं. अक्षरांना तेवढं पुरतं. पण माणसाच्या गालावर कपाळापासून हनुवटीपर्यंत उजेड हळूहळू उतरत जातो, त्यात शंभर छटा असतात. त्या सगळ्या एकाच काळ्या शाईतून काढायच्या कशा? १८२० ते १८९० ही सत्तर वर्षं युरोप-अमेरिकेतले रसायनतज्ज्ञ, चित्रकार, छापखानेवाले आणि काही हौशी जमीनदार या एकाच प्रश्नाशी झुंजत होते. फोटो काढायला तुलनेने लवकर जमलं. तो छापणं हेच खरं जड काम होतं असं माझं मत आहे, आणि फोटोच्या इतिहासात त्याला नेहमीच कमी पानं मिळतात.

पहिला छापलेला फोटो कोणता?

इथे फ्रान्समधल्या शालों-सुर-सोन या गावच्या निसेफोर न्येप्सपाशी जावं लागतं. कॅमेऱ्यातला सगळ्यात जुना टिकलेला फोटो त्याचा, हे बऱ्याच जणांना माहीत असतं: घराच्या खिडकीतून दिसणारी छपरं, १८२६-२७ च्या सुमाराची, १६ बाय २० सेंटिमीटरच्या कथिलमिश्रित पत्र्यावर. पण न्येप्सला मुळात फोटोग्राफी करायचीच नव्हती. त्याला वेड होतं शिळाछापाचं, म्हणजे दगडावर चित्र काढून ते छापण्याचं. चित्रकला काही हातात नव्हती. तेव्हा हाताने न काढता उजेडाकडूनच चित्र उमटवून घ्यावं आणि मग ते छापावं, हा त्याचा विचार.

त्याने वापरलं एक प्रकारचं डांबर. ज्यूडियाचं डांबर म्हणून ते ओळखलं जाई. लव्हेंडरच्या तेलात विरघळवून ते धातूच्या पत्र्यावर पातळ लावलं आणि उन्हात ठेवलं, तर ऊन लागलेला भाग कडक होतो. बाकीचं डांबर तेलाने धुऊन निघतं. आता पत्रा ॲसिडमध्ये घातला की उघडा पडलेला भाग ॲसिड खातं, डांबराखालचा भाग वाचतो. त्या खाचांत शाई भरायची आणि कागदावर दाबायचा. या रीतीने त्याने कार्डिनल दांब्वाझच्या एका जुन्या कोरीव चित्राची नक्कल पत्र्यावर उतरवली, आणि लमेत्र या पॅरिसच्या कोरकाराने १८२७ मध्ये तिच्या प्रती काढल्या. त्याआधीचीही एक प्रत आहे: घोडा धरून चाललेला माणूस, १८२५ ची. २००२ साली ती लिलावात निघाली तेव्हा फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने घेतली.

एक गोष्ट लक्षात घ्या. या दोन्ही चित्रांचा मूळ नमुना रेघांचं कोरीव चित्र होता, त्यात करडा रंग नव्हताच. तेलाने पारदर्शक केलेला चित्राचा कागद पत्र्यावर ठेवून उन्हात टाकला, एवढंच. कॅमेऱ्यातल्या खिडकीच्या दृश्यावरून छापता येईल अशी प्लेट त्याला करता आली नाही. अडचण पहिल्याच दिवशी समोर उभी राहिली होती.

दागेअरचं नाव कुठे आलं नाही?

छपाईच्या गोष्टीत ते फार येणारही नाही. फ्रान्सच्या लुई दागेअरचा, १८३९ साली जाहीर झालेला दागेअरोटाइप दिसायला अप्रतिम होता, पण तो एकुलता एक. चांदीच्या मुलाम्याच्या पत्र्यावर एक चित्र, त्याची नक्कल नाही. काही जणांनी ते पत्रे ॲसिडने कोरून छापायचा प्रयत्न केला, चारदोन बऱ्या प्रती निघाल्या, आणि तो विषय तिथेच थांबला.

मग निगेटिव्हवाला टॅलबट?

तो मात्र या गोष्टीतला मोठा माणूस. विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट, इंग्लंडमधल्या लेकॉक ॲबीचा मालक. १८३५ मध्ये त्याने घराच्या खिडकीचं टपाल तिकिटाएवढं निगेटिव्ह, म्हणजे उजेडाच्या जागी काळं आणि अंधाराच्या जागी पांढरं असं उलटं चित्र, काढलं आणि १८४१ मध्ये कॅलोटाइपचं, म्हणजे कागदी निगेटिव्हच्या रीतीचं, पेटंट घेतलं. एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती, ही कल्पना त्याची. १८४४ ते १८४६ या काळात त्याने सहा भागांत एक पुस्तक काढलं, त्यात २४ फोटो होते. छापलेले नव्हेत. प्रत्येक प्रत उन्हात ठेवून, धुऊन, वाळवून पानावर हाताने चिकटवलेली. रेडिंग गावात याच कामासाठी त्याच्या माणसाने कारखाना थाटला होता. फोटो घातलेलं पुस्तक विकायचं तर तेव्हा वाट हीच होती, आणि त्यात दोन संकटं होती. इंग्लंडचं ऊन हे पहिलं. प्रती विटायच्या हे दुसरं.

विटायच्या म्हणजे?

पिवळट पडायच्या, कडेने पुसट होत यायच्या, काही तर दोनचार वर्षांतच. तक्रारी एवढ्या झाल्या की लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीने १८५५ मध्ये 'फोटो का विटतात' हे तपासायला समितीच नेमली. राणीच्या नवऱ्याने, प्रिन्स अल्बर्टने, तिच्या खर्चासाठी ५० पौंड दिले. कारणं निघाली ती रसायन नीट न धुणं, गंधकाचा अंश उरणं, दमट हवा. आपल्याकडच्या पावसाळ्यात जुन्या अल्बमचं काय होतं हे बघितलेल्याला यात नवल वाटणार नाही.

पुढच्याच वर्षी, १८५६ मध्ये, फ्रान्समध्ये ड्यूक द ल्यून या सरदाराने १०,००० फ्रँकचं बक्षीस ठेवलं. त्यातले २,००० न विटणाऱ्या फोटोसाठी आणि ८,००० शाईने फोटो छापायची रीत काढणाऱ्याला. बक्षिसाची वाटणी बघितली की लोकांना कशाची जास्त गरज होती ते कळतं. ते ८,००० शेवटी १८६७ मध्ये अल्फोन्स प्वातव्हँ या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला मिळाले.

मधल्या काळात फोटोचा कागद सुधारला होता. १८५० मध्ये ब्लांकार-एव्हरार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला कागद काढला आणि पुढची चाळीसेक वर्षं तोच चालला. जर्मनीत ड्रेस्डेनच्या एका कारखान्यात १८८० च्या दशकात रोज साठ हजारांच्या आसपास अंडी फुटत. पिवळ्या बलकाचं काय करत असतील, हा प्रश्न मला दरवेळी पडतो.

प्वातव्हँने असं काय केलं?

त्याचं उत्तर जिलेटीनमध्ये आहे. जेली करताना वापरतो तेच.

जिलेटीन थंड पाण्यात टाकलं तर फुगतं, गरम पाण्यात विरघळतं. त्यात पोटॅशियम डायक्रोमेट नावाचं नारिंगी रसायन मिसळलं आणि त्याच्यावर प्रकाश पडला, की तेवढा भाग चिवट होतो. मग तो फुगत नाही आणि विरघळतही नाही. महत्त्वाचं म्हणजे हे हो-नाहीचं काम नाही. जास्त प्रकाश तर जास्त चिवट, कमी तर कमी. इथे प्रथमच असा पदार्थ सापडला जो छटा 'लक्षात' ठेवतो आणि छापखान्याच्या कामालाही येतो.

श्रेय मात्र एकाचं नाही. डायक्रोमेट लावलेला कागद उजेडात काळवंडतो हे एडिंबरोच्या मंगो पाँटनने १८३९ मध्येच सांगितलं होतं, पेटंट न घेता. जिलेटीनशी त्याची जोडी टॅलबटने १८५२ मध्ये जमवली. प्वातव्हँने १८५५ मध्ये दोन गोष्टी दाखवल्या. जिलेटीनमध्ये काजळी मिसळून फोटो काढला तर तो विटत नाही, कारण काजळीला विटायचं माहीतच नाही. आणि असा थर दगडावर दिला तर त्याच्या चिवट भागाला तेलकट शाई धरते आणि ओल्या भागाला धरत नाही, म्हणजे शिळाप्रेसवर फोटो छापता येतो. पुढच्या चाळीस वर्षांतली जवळजवळ प्रत्येक रीत या चिवट जिलेटीनच्या पोटातून निघाली आहे.

सगळ्यात सुंदर छपाई कोणत्या रीतीची?

याला माझं उत्तर ठरलेलं आहे: वुडबरीटाइप. वॉल्टर वुडबरी हा मँचेस्टरचा. तरुणपणी जावा बेटावर फोटो स्टुडिओ चालवून परतला आणि १८६४ मध्ये त्याने ही रीत काढली.

निगेटिव्हखाली डायक्रोमेट-जिलेटीनचा थर ठेवून उजेड द्यायचा आणि मग गरम पाण्यात धुवायचा. जिथे उजेड जास्त लागला तिथे जिलेटीन जाड राहतं, जिथे कमी तिथे पातळ. वाळल्यावर हातात येतो उंचसखल असा एक पारदर्शक पापुद्रा. बोट फिरवलं तर चेहऱ्याचे चढउतार जाणवतील असा. आता हा पापुद्रा पोलादी पाट्यावर ठेवायचा, वर शिशाचा पत्रा, आणि हायड्रॉलिक प्रेसने दाबायचं. ऐकणाऱ्याला वाटतं जेलीचा चुराडा होईल. होत नाही. उलट शिशातच तिचा ठसा उमटतो, आणि तोच पापुद्रा पुन्हा दुसऱ्या पत्र्यासाठी वापरता येतो.

शिशाच्या या साच्यात रंग घातलेलं गरम जिलेटीन ओतायचं, कागद ठेवायचा, झाकण दाबायचं. जादाचं जिलेटीन कडेने बाहेर येतं, आतलं गार होऊन कागदाला चिकटतं. साचा खोल तिथे थर जाड, म्हणून गडद. उथळ तिथे पातळ, म्हणून फिकट. ठिपके नाहीत, रेघा नाहीत, दाणेदारपणा नाही. खराखुरा करडा रंग, आणि तो विटत नाही. १८७७-७८ मध्ये जॉन थॉमसनने लंडनच्या रस्त्यांवरच्या गरिबांचे फोटो याच रीतीने प्रसिद्ध केले. आज दीडशे वर्षांनी त्या प्रती कालच केल्यासारख्या दिसतात.

मग ती रीत मागे का पडली?

कडेने बाहेर आलेल्या त्या जिलेटीनमुळे. प्रत्येक प्रत कातरून पानावर चिकटवावी लागे. मजकूर खिळ्यांवर वेगळा छापायचा, फोटो वेगळा करायचा आणि मग माणसं बसवून डकवत राहायचं. पुस्तकाच्या पाचशे प्रतींना हे चालतं, रोजच्या पेपरला कसं चालणार? शिवाय मोठं चित्र, मोठं पांढरं आकाश नीट येत नसे. अक्षरांच्या शेजारी, त्याच कागदावर, त्याच दाबात छापला जाईल असा फोटो ज्याला जमेल त्याचंच राज्य येणार होतं.

कोलोटाइप म्हणजे तेच का?

चुलत भाऊ म्हणा. जाड काचेवर तेच जिलेटीन, पण ते अशा उष्णतेत वाळवायचं की त्याला डोळ्यांना न दिसणाऱ्या सुरकुत्या पडतात. त्या सुरकुत्यांत शाई कमीजास्त धरते आणि छटा येतात. म्युनिकच्या योसेफ अल्बर्टने १८६८ च्या सुमारास ही रीत धंद्यात चालेल इतकी पक्की केली. एका काचेवरून हजार-दोन हजार प्रती, मग थर झिजतो. जुनी पिक्चर पोस्टकार्डं आणि कलाग्रंथांतली चित्रपानं यात फार आहेत.

पुण्याच्या 'फोटोझिंको' प्रेसच्या नावाचा याच्याशी काही संबंध आहे का?

थेट आहे, आणि हा प्रश्न विचारणारे बहुतेक पुणेकर असतात. शासकीय फोटोझिंको मुद्रणालय हे नाव आपण इतकं सहज घेतो की त्याचा अर्थ विचारायचं राहून जातं. फोटोझिंकोग्राफी म्हणजे जस्ताच्या पत्र्यावर फोटोने चित्र उतरवून छापणं. इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टनला ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा खात्याचे प्रमुख हेन्री जेम्स यांच्या हाताखाली १८५९-६० च्या दरम्यान ती तयार झाली. कारण अगदी कारकुनी होतं: मोठे नकाशे हाताने लहान करत बसायला माणसं आणि पैसा फार लागत होता. नकाशाचा फोटो काढा, हव्या त्या मापाचा करा, जस्तावर उतरवा, छापा. जवळपास त्याच वेळी मेलबर्नमध्ये जॉन ऑस्बॉर्नने दगडावर हेच साधलं.

इंग्रज सरकारला हिंदुस्थानात मोजणीचे नकाशे छापायची गरज प्रचंड होती, म्हणून ही रीत लगेच इकडे आली. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबई इलाख्याच्या नकाशांच्या तळाशी बारीक अक्षरांत पुण्याच्या सरकारी फोटोझिंकोग्राफिक ऑफिसचं नाव दिसतं. मात्र नकाशा म्हणजे रेघाच. करड्या रंगाचा प्रश्न इथेही सुटला नव्हता, त्याला फक्त वळसा घातला होता.

तोवर वर्तमानपत्रं चित्रं कशी छापत होती?

लाकडावर कोरून. लंडनमधलं मोठं सचित्र साप्ताहिक १८४२ मध्ये सुरू झालं, त्यात लाकडी ठशांचीच चित्रं असत. रॉजर फेंटनने १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धाचे फोटो काढून आणले, ते वाचकांपुढे आले लाकडात कोरलेले होऊन. चित्र मोठं आणि घाई असली तर बॉक्सवूडचे चौकोनी ठोकळे बोल्टने जोडून एक पाट करत, त्यावर चित्र काढून घेत, मग ठोकळे सुटे करून एकेका कोरकाराला वाटत. रात्रभर प्रत्येकजण आपापला तुकडा कोरी आणि सकाळी ते पुन्हा जोडत. जुन्या अंकांत अशा चित्रांवर बारीक पांढरी उभी-आडवी रेघ दिसते ती या सांध्याची.

खाली लिहिलेलं असे 'फोटोवरून'. त्या शब्दावर किती विश्वास ठेवायचा ते कोरकाराच्या हातावर अवलंबून. गर्दी कमी वाटली तर दोन माणसं वाढवायला त्याला कोण अडवणार?

हाफटोन कोणी शोधला?

एकाचं नाव सांगणारा माणूस अर्धंच सांगतोय असं समजा. कल्पना एका वाक्याची आहे: करडा रंग छापता येत नाही ना, मग काळेच ठिपके छापा, गडद जागी मोठे आणि फिकट जागी लहान. डोळा लांबून ते मिसळून घेतो. रांगोळीचे ठिपके गच्चीवरून बघावेत तसं.

टॅलबटने १८५२ च्या पेटंटमध्येच काळ्या जाळीच्या कापडाची घडी वापरून चित्राचे तुकडे पाडले होते, म्हणजे बीज त्याचं. १८६९ च्या ३० ऑक्टोबरला कॅनडातल्या एका सचित्र साप्ताहिकाच्या पहिल्याच अंकात विल्यम लेगोच्या रीतीने प्रिन्स आर्थरचा फोटो आला. १८८० च्या ४ मार्चला न्यूयॉर्कच्या डेली ग्राफिकमध्ये स्टीफन हॉर्गनने झोपडपट्टीचं दृश्य छापलं. दैनिकात कोरकाराचा हात न लागता आलेला पहिला फोटो म्हणून त्याचं नाव घेतात. जाता जाता सांगतो, मोठ्या शहराच्या दैनिकातला पहिला फोटो झोपड्यांचा निघावा हे मला फार बोलकं वाटतं.

पण एखाद्या दिवशी जमणं वेगळं आणि रोज जमणं वेगळं. म्युनिकच्या गेओर्ग माइझेनबाखने १८८२ मध्ये रेघांची एक काच वापरली. अर्ध्या एक्स्पोजरनंतर ती फिरवायची, की रेघा एकमेकींना छेदून ठिपके होतात. अमेरिकेत फ्रेडरिक आइव्ह्ज १८८१ पासून वेगळ्या रीती करून बघत होता. तो १८८० च्या दशकाच्या मध्यावर पोचला ते दोन रेघी काचा काटकोनात चिकटवून केलेल्या स्क्रीनपर्यंत. त्या काचा अचूक आणि सारख्या बनवणं हे फिलाडेल्फियाच्या लुई आणि मॅक्स लेव्ही या भावांचं काम. काचेवर मेण लावून हिऱ्याने रेघा मारायच्या, ॲसिडने त्या कोरायच्या, खाचांत काळा रंग भरायचा. १८९३ च्या पेटंटनंतर लेव्ही स्क्रीन जगभर विकली गेली आणि लाकूड कोरणाऱ्यांचा धंदा काही वर्षांत बसला.

स्क्रीनमुळे ठिपका लहान-मोठा का होतो? जाळीची भोकं तर सारखीच असतात.

हा सगळ्यात हुशार प्रश्न. युक्ती ही की स्क्रीन फिल्मला टेकवत नाहीत, किंचित अंतर ठेवतात. मग प्रत्येक भोकातून आलेला उजेड मध्ये दाट आणि कडेला विरळ असा पसरतो. चित्राचा भाग उजळ असेल तर कडेचा विरळ उजेडही पुरेसा होतो आणि निगेटिव्हवरचा ठिपका फुगतो (छापताना सगळं उलटं होतं, तिथे कोरं जास्त राहतं). अंधारा असेल तर फक्त मधलं टोक उमटतं. हे अंतर किती असावं, भोकाचा आकार कसा असावा यावर त्या काळात मोठे वाद झाले. त्या वादात कलकत्त्याच्या एका माणसाचा आवाज होता, त्याच्याकडे येतोच.

ब्लॉक म्हणजे नक्की काय? जुने लोक सारखे 'ब्लॉक करायला टाकला' म्हणतात.

माझ्यासमोर एक आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात घेतला, काडेपेटीएवढा. वर जस्ताचा पत्रा, खाली लाकूड, कडांना चार बारीक खिळे. पगडी घातलेले कोणी गृहस्थ आहेत, नाव नाही. सरळ बघितलं तर राखाडी पत्रा, तिरपा धरून उजेडात नेला की चेहरा दिसतो, उलटा. भिंगाखाली पगडीच्या जागी जवळजवळ सलग धातू आहे आणि त्यात बारीक खड्डे. कपाळाच्या जागी सुट्या टाचण्यांच्या टोकांसारखे ठिपके. डाव्या गालावर चार-पाच टोकं झिजून सपाट झाली आहेत. छापताना तिथे डाग पडत असणार.

तो बनायचा असा. स्क्रीनमधून काढलेलं निगेटिव्ह, खाली डायक्रोमेटचा थर दिलेला जस्ताचा किंवा तांब्याचा पत्रा, वर आर्क लॅम्पचा उजेड. धुतल्यावर ठिपक्यांवरचा थर राहतो. मग ॲसिड. पण ॲसिड नुसतं खाली खात नाही, आडवंही खातं, म्हणजे ठिपका मुळातून पोखरला जाऊन गळून पडायचा. म्हणून थोडं खाऊ द्यायचं, पत्रा बाहेर काढायचा, ड्रॅगन्स ब्लड नावाच्या लाल राळेची पूड ब्रशने चारी दिशांनी मारायची, तापवून ती ठिपक्यांच्या बगलांना चिकटवायची आणि पुन्हा ॲसिडमध्ये. अशा तीनचार फेऱ्या. हातखंडा लागायचा तो इथे. शेवटी पत्रा लाकडावर ठोकून अक्षरांच्या खिळ्याच्या उंचीचा, म्हणजे साधारण २३.३ मिलिमीटरचा करायचा. तेवढी उंची जुळली की फोटो आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतात. वुडबरीला जे जमलं नाही ते या लाकडाच्या तुकड्याने साधलं.

पेपरच्या खरबरीत कागदाला इंचाला ६५ रेघांची स्क्रीन, गुळगुळीत आर्ट पेपरला १३३ किंवा १५०. म्हणजे पेपरातल्या एका चौरस इंचात चार हजारांवर ठिपके. बारीक स्क्रीनचा ब्लॉक खरबरीत कागदावर छापला की सगळं काळं गिचमिड होतं. लग्नपत्रिकेवर वधूवरांचे फोटो घालायचा हट्ट धरणाऱ्या किती घरांना हा अनुभव आला असेल!

आपल्याकडे हे कोणी केलं?

कलकत्त्यात उपेंद्रकिशोर रायचौधुरी. लोक त्यांना मुलांच्या गोष्टींसाठी किंवा सत्यजित राय यांचे आजोबा म्हणून ओळखतात. स्वतःच्या पुस्तकातली चित्रं फार वाईट छापलेली बघून त्यांनी १८९५ मध्ये इंग्लंडहून सामान मागवलं आणि हाफटोनचं काम सुरू केलं. पुढे स्क्रीनचं अंतर, छिद्रांचे आकार यांवर त्यांनी लिहिलेले लेख इंग्लंडच्या छपाई-वार्षिकात येत राहिले, तेही कलकत्त्यात बसून, स्वतःच गणित मांडून.

महाराष्ट्रातलं नाव दादासाहेब फाळके. सिनेमाच्या आधीचे फाळके हे ब्लॉकवाले फाळके. बडोद्याच्या कलाभवनात फोटोग्राफी, मग रतलामला जाऊन तीन रंगी ब्लॉक आणि फोटोलिथोचं (फोटोवरून शिळाछापाचं) शिक्षण. लोणावळ्याजवळच्या रविवर्मा प्रेससाठी काम, नंतर भागीदारीत स्वतःचा छापखाना, तो पुढे दादरला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' झाला. १९०९ मध्ये रंगीत छपाईचं यंत्र बघायला ते जर्मनीला गेले. भागीदारांशी बिनसलं, ते बाहेर पडले आणि १९१३ मध्ये 'राजा हरिश्चंद्र' आला. डार्करूम, रसायनं, एक्स्पोजरचा अंदाज, ही सगळी तयारी ब्लॉकच्या धंद्यात झाली होती.

रविवर्म्याच्या देवदेवतांच्या तसबिरी अशाच छापल्या होत्या का?

मुळात नाही. त्या दगडावरच्या रंगीत शिळाछापाच्या. प्रत्येक रंगाला वेगळा दगड, आणि त्यावर कारागिराने हाताने मारलेले ठिपके. भिंगातून बघितलं तर ते ठिपके वेडेवाकडे दिसतात, हाफटोनसारखे रांगेत नसतात.

ग्राव्युअरचं काय?

हे उलटं काम: ब्लॉकमध्ये उंचवटा छापतो, इथे खड्डा. बोहेमियात जन्मलेल्या कारेल क्लीच याने १८७९ मध्ये व्हिएन्नात ते पक्कं केलं. तांब्यावर राळेची धूळ, वर जोसेफ स्वानचा जिलेटीन-कागद (हो, विजेच्या दिव्यावाला स्वान), मग ॲसिड. खोल खड्ड्यात जास्त शाई, म्हणून छटा मखमली. पुढे पत्र्याऐवजी तांब्याचा रूळ आला आणि मासिकं, तिकिटं त्यावर छापली जाऊ लागली. १९५२ मध्ये नाशिकच्या प्रेसने कबीर, मीरा, गालिब वगैरे संत आणि कवींची टपाल तिकिटं या रीतीने छापली. घरात कोणाचा तिकिटांचा अल्बम असेल तर बघा.

घरातलं जुनं चित्र कोणत्या रीतीचं, हे कसं ओळखायचं?

दहा पटीचं भिंग घ्या, मोबाईलचा कॅमेरा पुरेसा नाही. रांगेत ठिपके दिसले तर हाफटोन. गांडुळासारख्या बारीक वळवळत्या सुरकुत्या दिसल्या तर कोलोटाइप. काहीच दिसत नसेल, चित्र पानावर डकवलेलं असेल आणि गडद भाग तिरप्या उजेडात किंचित उंच, चकचकीत वाटत असेल, तर वुडबरीटाइपची शक्यता. तसं निघालं तर जरा जपून, घाईने रद्दीत घालू नका. पिवळट, कडेला पुसट झालेला आणि पातळ कागद पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो बहुधा अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या कागदावरचा. तो छापलेला नाही, धुतलेला आहे.

यातलं काही घरी करून बघता येईल?

डायक्रोमेटच्या नादी लागू नका, ते विषारी आहे आणि त्याने कर्करोगाचा धोका असतो. सायनोटाइप करा. जॉन हर्शेलने १८४२ मध्ये काढलेली ही रीत, आणि पुढच्याच वर्षी ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळांच्या चित्रांच्या पुस्तकाचे भाग या रीतीने काढायला सुरुवात केली. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची द्रावणं मंद उजेडात मिसळून जाड कागदावर लावा, अंधारात वाळवा. वर जाळीदार पिंपळपान ठेवून काच दाबा आणि एप्रिलच्या उन्हात गच्चीवर ठेवा. माझा पहिला कागद पाऊण तास ठेवल्याने सरसकट निळा झाला, दहा-बारा मिनिटांचा चांगला आला. रंग हिरवट-राखाडी झाला की उचला आणि नळाखाली धुवा. पानाची जागा पांढरी निघते, बाकी निळं. इमारतीच्या नकाशाला ब्लू प्रिंट म्हणतात ते यावरूनच.

जुना ब्लॉक सापडला तर साफ कसा करायचा?

चिंच, लिंबू, भांड्याची पावडर, यातलं काहीही नको. ती धातूच खातात आणि बारीक ठिपके जातात. मऊ दातघासणी, थोडं रॉकेल, हलका हात, मग कोरडं फडकं. लाकडाला पाणी लागू देऊ नका, ते फुगलं की पत्रा वाकतो आणि खिळे उपटतात. ठसा बघायचा असेल तर रबरी शिक्क्याची शाई वापरू नका. रोलरवर छपाईची काळी शाई अगदी पातळ पसरा आणि गुळगुळीत कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासा. माझ्या पगडीवाल्यांचा ठसा तिसऱ्या खेपेला नीट आला. गालावरचा डाग जिथे वाटला होता तिथेच होता.